डोहाळजेवणाला पंचवीस-तीस जणांचं फ्रूट कस्टर्ड घरी करायचंय, शेवटपर्यंत घट्ट कसं ठेवायचं?

तर्री_पोहे

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलोय. येत्या रविवारी घरी वहिनीचं डोहाळजेवण आहे. बाकी जेवण बाहेरून सांगितलंय पण गोड मात्र घरचंच पाहिजे असा आईचा हट्ट, आणि वहिनीला डोहाळे लागलेत ते फ्रूट कस्टर्डचे, तेही एकदम थंडगार. मार्चच आहे अजून पण दुपारी इथे ऊन असं तापतंय की विचारू नका. तर हे खातं माझ्याकडे आलंय, कारण घरातल्या पुरुषांत किचनमध्ये लुडबूड करणारा मी एकटाच, दादाकडे फक्त बर्फी-पेढ्याच्या वाट्या झाकायचं काम आहे आणि त्यातही तो आईला तीनदा विचारून राहिला की कुठल्या वाटीखाली काय.

चार-पाच जणांचं मी नेहमी करतो, पाकिटावर लिहिलंय तसं, ते बरं होतं. पण तीस माणसांना दूध किती, पावडर किती, फळं किती काहीच अंदाज नाही. शिवाय कार्यक्रमात जे कस्टर्ड असतं ना, पहिल्या पंगतीला मस्त आणि शेवटच्या पंगतीला वाटीत खाली पिवळं पाणी आणि वर तरंगणारी फळं, तसं मला नकोय. आदल्या रात्री करून ठेवलं तर चालेल का? केळी काळी पडतात त्याचं काय?

आईची यादी आहे सफरचंद, केळी, द्राक्षं, डाळिंब, चिकू, अननस. मागच्या अंगणात पपई पिकली आहे म्हणून बाबा म्हणतात तीही घाला. आणि नागपूरचे आहोत म्हटल्यावर संत्री पाहिजेच, सध्या मृगाची मिळून राहिली आहेत, गोड आहेत. आजीचा वेगळाच प्रश्न की त्या पावडरीत अंडं असतं का, असेल तर ती वाटीला हात लावणार नाही. प्लीज अनुभवी लोकांनी सांगा.

निवांत_काकू

बाकीचं लोक सांगतीलच पण आधी एक ऐक, डोहाळजेवणात पपई ठेवू नकोस रे बाबा. शास्त्र-बिस्त्र राहू दे बाजूला, ओटी भरायला आलेल्या मावश्या-आत्यांपैकी एकीने जरी वाटीत पपईची फोड बघितली तर वहिनीच्या हातातली वाटी काढून घेतील आणि दिवसभर तोच विषय. बाबांना म्हणावं तुम्ही सकाळी नाश्त्याला खा.

सायसाखर

पपईला माझंही नाही, आणि कारण फक्त मावश्या नाहीत. पपई, अननस आणि किवी या तिन्ही फळांत प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं. न शिजवलेलं फळ दुधात पडलं की ते दुधातल्या प्रोटीनवर काम सुरू करतं आणि तासा-दोन तासांत कस्टर्ड कडू लागायला लागतं. लोकांना वाटतं दूध नासलं किंवा अननस खराब निघाला. तसं नसतं, दोन्ही चांगलेच असतात, फक्त त्यांचं एकमेकांशी जमत नाही. अननस हवाच असेल तर बारीक फोडी करून दोन-तीन चमचे साखर घालून पाच-सात मिनिटं चांगला शिजवून घे, एन्झाइम उष्णतेने निकामी होतं आणि मग बिनधास्त घाल. पाक उरतो तो गाळून बाजूला काढ, कस्टर्डमध्ये ओतू नकोस. डब्यातला अननस आधीच शिजवलेला असतो त्यामुळे तो नुसता निथळून घेतला तरी चालतो.

आता आजींचा प्रश्न. आपल्याकडे किराणा दुकानात मिळते ती कस्टर्ड पावडर म्हणजे मक्याचं पीठ, पिवळा रंग आणि व्हॅनिलाचा वास, अंडं नसतं. डब्यावरचा हिरवा ठिपका आजींना दाखव म्हणजे प्रश्न मिटला. पिवळा रंग बहुतेक ब्रँडमध्ये कृत्रिम असतो, लेबलवर १०२, ११० असे नंबर दिसतात. गरोदर बाईसाठी ते नको वाटत असेल तर साधं कॉर्नफ्लोअर घे, दुधात केशर भिजवून घाल आणि व्हॅनिला इसेन्स. रंग फिकट येतो पण चव मला तरी जास्त आवडते.

प्रमाण सांगते. एक लिटर दूध आणि एक किलो चिरलेली फळं यात साधारण तेरा-चौदा वाट्या होतात, वाटी दीडशे ग्रॅमची धरली तर. म्हणजे तुला अडीच लिटर दूध नि अडीच किलो चिरलेली फळं, यात तीसच्या वर वाट्या होतील आणि दोन-चार जणांना परत घेता येईल. चिरलेली अडीच किलो म्हणजे बाजारातून साडेतीन-चार किलो आणायची, अननस आणि डाळिंबाचं अर्धं वजन सालातच जातं. पावडर लिटरला चार सपाट टेबलस्पून, म्हणजे अडीच लिटरला दहा, शंभर ग्रॅमचा एक डबा जवळजवळ पूर्ण लागेल. साखर लिटरला ऐंशी ते शंभर ग्रॅम. गरम असताना चाखलं तर थोडं जास्त गोड वाटलं पाहिजे कारण थंड झाल्यावर जिभेला गोडी कमी लागते. पण तुझी फळं गोड असतील तर ऐंशीच घाल.

करताना अडीच लिटरमधलं दीड कप दूध आधीच थंड बाजूला काढ आणि पावडर त्यात कालव, गरम दुधात डायरेक्ट टाकलीस तर जन्मभर गुठळ्या मोडत बसशील. जाड बुडाचं पातेलं आधी पाण्याने विसळून घे म्हणजे बूड लागत नाही. दूध उकळलं की साखर, मग गॅस बारीक करून कालवलेली पावडर पुन्हा एकदा तळापासून ढवळून धारेने सोड, दुसऱ्या हाताने सतत हलवत राहा. आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात, घट्ट झालं की लगेच गॅस बंद. तसं करू नकोस. पिठाचे कण साधारण पासष्ट-सत्तर डिग्रीला फुगायला लागतात पण पूर्ण शिजायला नव्वदच्या वर जावं लागतं. फदफदायला लागल्यावर बारीक गॅसवर पूर्ण दोन मिनिटं ठेव. कच्चं राहिलं की पिठाळ वास येतो आणि दुसऱ्या दिवशी पाणीही सुटतं. गरम असताना कढीइतकंच दाट दिसलं पाहिजे, तेव्हाच दाट दिसलं तर फ्रिजमधून निघेल तेव्हा सुरीने कापावं लागेल.

आदल्या रात्री नुसतं कस्टर्ड करून ठेव, फळं रविवारी. हे एक पाळलंस तर निम्मी काळजी मिटली. साखर घातलेल्या कस्टर्डमध्ये चिरलेलं फळ पडलं की साखर फळातलं पाणी बाहेर ओढते. तू म्हणतोस ते पिवळं पाणी बरंचसं हेच असतं.

मिरजेचा_पक्या

आमचा घरचा केटरिंगचा धंदा आहे, वडिलांपासून. वरच्या ताईंनी बरोबर सांगितलंय, पण चार चमचे लिटरला मला जास्त वाटतात. म्हशीचं दूध असेल तर तीन पुरतात. दूध कुठलं घेणार ते सांगा आधी. फुल क्रीम म्हणजे सहा टक्के फॅट, टोन्ड म्हणजे तीन, दोघांत फरक पडतो की. आम्ही फुल क्रीमला लिटरमागं तीन सपाट चमचे पावडर आणि दोन चमचे मिल्क पावडर घालतो, त्यानं दाटपणा दुधाचा येतो, पिठाचा येत नाही. जास्त पीठ घातलं की थंड झाल्यावर खळीसारखं लागतं बघा, आणि माणूस दोन घास खाऊन वाटी सारतो.

आता पाणी का सुटतं त्यातलं एक कारण कुणी सांगत नाही ते सांगतो. चव बघितलेला चमचा परत पातेल्यात घालायचा नाही. आमचे वडील पोरांच्या हातावर फटका द्यायचे, उष्टा चमचा आत गेला की. मला वाटायचं सोवळं-ओवळं आहे. नंतर कळलं की थुंकीत पीठ पचवणारं एन्झाइम असतं आणि ते थोडंसं जरी थंड होत आलेल्या कस्टर्डमध्ये गेलं तरी घट्ट कस्टर्ड पातळ व्हायला लागतं. खोटं वाटत असेल तर एका वाटीत दोन चमचे कस्टर्ड घ्या, त्यात चाटलेला चमचा फिरवा आणि दहा मिनिटांनी बघा. घरात कार्यक्रम असला की येता-जाता प्रत्येकजण चमचा बुडवून जातो, म्हणून सांगतोय. शनिवारी रात्री चव बघायची तर वाटीत काढून घ्यायची आणि पातेलं कुणाच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही.

दुसरं म्हणजे गरम पातेल्यावर ताट झाकायचं नाही. वाफ ताटाला लागून पाणी होतं आणि ते थेंब थेंब परत आत पडतं. तुमचं तेही पाणी. आणि झाकलं नाही तर साय धरते, म्हणजे दोन्हीकडनं पंचाईत. आम्ही परातीत बर्फाचं पाणी घालून त्यात पातेलं ठेवतो आणि एक माणूस उलथनं घेऊन हलवत बसतो, वीस मिनिटांत कोमट होतं. मग प्लास्टिकची शीट थेट कस्टर्डला चिकटवून लावायची, मध्ये हवा ठेवायची नाही, आणि फ्रिजमध्ये.

सकाळी काढल्यावर जमलेलं दिसेल, घाबरायचं नाही. पळीनं हळू हलवून सैल करायचं. मिक्सर, ब्लेंडर अजिबात लावायचा नाही. गुळगुळीत होतंय म्हणून लोक फिरवतात, पण जमलेलं पीठ एकदा जोरात मोडलं की परत धरत नाही, पातळच राहतं.

बोरिवलीकर

सगळेच कस्टर्ड पावडरच्या मागे आहात म्हणून उलटं बोलतो. आमच्याकडे मुंबईत लग्नामुंजीत पूर्वी फ्रूट सॅलड-पुरी असायची, गुजराती शेजाऱ्यांकडे तर अजून असते, आणि घरच्या फ्रूट सॅलडमध्ये आमच्या आईने कधी पावडर वापरली नाही. दूध आटवायचं. अडीच लिटर हवं तर साडेतीन-चार लिटर घ्यायचं, ते आटवून अडीच करायचं, साखर, वेलची, थोडं जायफळ, चारोळी, झालं. पीठच नाही म्हटल्यावर खळ होण्याचा प्रश्न नाही आणि वाटीत उरलेलं लोक पिऊन टाकतात. व्हॅनिलाच्या वासापुढे मग बाकी कशाचा वास येत नाही हे माझं मत, भांडा हवं तर.

सायसाखर

भांडत नाही, मलाही आवडतं ते. पण ते पातळच असतं, पुरी बुडवून खायचं. वहिनीला डोहाळे कस्टर्डचे लागलेत तर तिला बासुंदीत फळं घालून द्यायची का? आणि चार लिटर दूध घरच्या गॅसवर आटवायला दीड-दोन तास उभं राहावं लागेल, दीराला सोडा रे.

@पक्या, तीन चमचे मान्य, फुल क्रीम आणि मिल्क पावडर असेल तर. टोन्ड घेतलं तर चारच.

तर्री_पोहे

बाप्पा, केवढी माहिती! उष्ट्या चमच्याचा प्रयोग मी आत्ताच वाटीत करून पाहिला, फ्रिजमध्ये परवाचं थोडं कस्टर्ड होतं. खरंच पातळ होऊन राहिलं. आईला दाखवलं तर ती म्हणे मी तीस वर्षं हेच सांगून राहिली, तेव्हा कुणी ऐकलं नाही.

दूध म्हशीचं आहे, गवळ्याकडचं, म्हणजे तीन चमचे धरतो. पपई रद्द. संत्र्याचं कुणी बोललंच नाही अजून. आणि फ्रिज आमचा जुना, छोटा, त्यात शनिवारी फुलांच्या वेण्या नि गजरेपण ठेवायचे आहेत, एवढं मोठं पातेलं जाणार नाही. लहान पोरांना जेली पाहिजे वरून. आणि बाबांना शुगर आहे, त्यांना अगदीच नाही म्हणता येत नाही.

टेम्सकाठी

इकडे इंग्लंडमधून थोडं अवांतर. कस्टर्ड पावडरीत अंडं का नसतं याची गंमत अशी की ती मुळात अंडं चालत नाही म्हणूनच शोधली गेली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टच्या बायकोला अंड्याची अ‍ॅलर्जी होती आणि तिला कस्टर्ड तर फार आवडायचं, म्हणून त्याने १८३७ मध्ये मक्याच्या पिठाचं बिनअंड्याचं कस्टर्ड केलं. तिला यीस्टही चालत नव्हतं म्हणून पुढे १८४३ मध्ये त्याने बेकिंग पावडर केली. म्हणजे दोन्ही शोध बायकोच्या पथ्यापायी लागले. तेव्हा आजींना सांग, बिनअंड्याचं हेच तिचं मूळ आहे.

इथले लोक मात्र ते गरम खातात, सफरचंदाच्या किंवा रुबार्बच्या भाजलेल्या पदार्थावर ओतून. थंड करून, त्यात केळी-द्राक्षं-डाळिंब घालून, वाटीतून चमच्याने खायचं हे आपलं. ऑफिसात एकदा डबा भरून नेला होता तर लोकांना डाळिंबाचे दाणे कस्टर्डमध्ये बघूनच आश्चर्य वाटलं, पण डबा रिकामा घरी आला.

आणि हो, डब्यातली कोरडी पावडर पेटलेल्या गॅसजवळ झटकू नकोस. पीठ हवेत उडालं की पेट घेतं, १९८१ मध्ये इथे बॅनबरीच्या कस्टर्डच्या फॅक्टरीत असाच स्फोट झाला होता. घरी तेवढं काही होत नाही, पण सवय चांगली.

मिरजेचा_पक्या

फ्रिज लहान असेल तर पातेलं कशाला घालता, तीन-चार पसरट स्टीलच्या डब्यांत भागून ठेवा. पसरट भांड्यात लवकर गार होतं आणि एकावर एक बसतं. फुलांपासून मात्र लांब, घट्ट झाकणाचे डबे घ्या, दुधाला मोगऱ्याचा वास धरतो. कस्टर्ड गरम असताना फ्रिजमध्ये घातलं तर आतलं सगळंच गरम होतं, गजरेपण जातील. आणि बाहेर रात्रभर ठेवायचं नाही हां, नागपूरच्या हवेत दूध आणि पीठ, दोन तासांच्या आत थंडीत गेलं पाहिजे. गरोदर बाईसाठी आहे म्हणून जास्त जपा. फळं घरी आणून धुवून घरीच चिरा, गाडीवरची चिरलेली आणू नका.

वाढताना आम्ही काय करतो, मोठ्या परातीत बर्फ फोडून घालायचा, त्यावर दोन-तीन मुठी खडेमीठ टाकायचं आणि त्यात कस्टर्डचं पातेलं. मीठ टाकलं की बर्फ वितळतो पण गारवा शून्याच्या खाली जातो, पूर्वी हातानं फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटला असंच करायचे. दोन-अडीच तास बिनघोर गार राहतं, लाईट गेली तरी. फक्त मिठाचं पाणी आत उडू देऊ नका.

आणि सगळं एकदम कालवायचं नाही. निम्मं कस्टर्ड नि निम्मी फळं पहिल्या पंगतीला, बाकी निम्मं वेगवेगळंच फ्रिजमध्ये, दुसरी पंगत बसली की कालवा. शेवटच्या पंगतीला पाणी दिसतं कारण ते तीन तासांपूर्वी कालवलेलं असतं, दुसरं काही नाही.

सायसाखर

फळांचं राहिलंच होतं. एकेक बघ.

केळी सगळ्यात शेवटी, आणि ताटात चिरून ठेवायचीच नाहीत. केळं हातात धरून थेट गार कस्टर्डमध्ये चकत्या पाडायच्या आणि लगेच बुडवायच्या. हवा लागली तरच काळं पडतं, कस्टर्डने झाकलं की बराच वेळ पिवळं राहतं. वेलची केळी मिळाली तर ती घे, घट्ट असतात, चकती मोडत नाही. साल काळी पडायला लागलेली, मऊ केळी शिकरणीला ठेव.

सफरचंद चिरून चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचं, मग निथळून, कपड्यावर पसरून कोरडं करायचं. कोरडं करणं महत्त्वाचं. लोक लिंबू लावतात, मी दुधाच्या पदार्थात लावत नाही.

द्राक्षं बारीक असतील तर अख्खीच घाल, चिरलीस की रस सुटतो. आधी चार खाऊन बघ, मार्चमध्ये नाशिककडची गोड असतात पण एखादा घड आंबट निघतोच.

चिकू घट्टसर पिकलेला. फार पिकला तर कालवताना विरघळतो आणि सगळ्या कस्टर्डला मातकट रंग येतो. मी चिकू कमी घालते, पण ज्याला आवडतो त्याला फार आवडतो. घोलवडचा मिळाला तर दोन जास्त घाल.

डाळिंब वरून, वाटीत वाढल्यावर. आत कालवलं तर पांढरट-गुलाबी ओघळ दिसतात आणि दाणे तळाला जातात.

आता संत्रं. तुम्हा नागपूरकरांना नाही म्हणायची हिंमत नाही पण कालवू नकोस. आंबट रसाने दूध फाटतं. कस्टर्डमध्ये पीठ असतं म्हणून लगेच फाटत नाही, तासाभराने बारीक कण दिसायला लागतात, आणि आंबट रस त्या पिठाचाही दाटपणा थोडा कमी करतो. त्यापेक्षा फोडी सोल, पांढरे धागे आणि वरचं पातळ साल दोन्ही काढ, बिया काढ, आणि कोरड्या करून एका वेगळ्या भांड्यात बर्फावर ठेव. वाढताना प्रत्येक वाटीवर दोन-दोन. खाईपर्यंत दूध फाटायला वेळच मिळत नाही आणि तुमची संत्री वर दिसतात. सोलायचं काम किचकट आहे, ते दादाला दे, नाहीतरी तो मोकळाच आहे.

वैद्यांची_नात

रसभंग करायचा नाही, पण दूध आणि आंबट फळं एकत्र हा विरुद्ध आहार आहे हे कुणीतरी सांगायला हवं. आमच्या आजोबांच्या घरात फ्रूट सॅलड कधी झालंच नाही. गोड, पिकलेल्या आंब्याचं चालतं म्हणायचे. गरोदरपणात तर जास्तच पथ्य. निदान संत्री, द्राक्षं आणि अननस वगळा एवढंच म्हणेन.

निवांत_काकू

अगं, डोहाळे आहेत, एक वाटी खाईल मुलगी. आणि शिकरण खाऊन आपण सगळे वाढलो की. पण तिला आंबट-दूध एकत्र नको वाटत असेल तर तिची वाटी वेगळी काढा, केळं, चिकू, सफरचंद, डाळिंब एवढंच घालून. ज्याला जे पटतं ते त्याने खावं.

टेम्सकाठी

जेलीचं सांगतो. बाजारातली जेली घेताना हिरवा ठिपका बघून घे, जिलेटिन असेल तर ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून येतं, आजी वाटी सोड, घर सोडतील. त्यापेक्षा चायना ग्रास वापर, ते समुद्री शेवाळापासून होतं. अर्धा लिटर पाण्याला किंवा गाळलेल्या रसाला साधारण पाच ग्रॅम, आधी भिजव, मग उकळून पूर्ण विरघळव, साखर घाल, ताटात ओत. चाळीस डिग्रीच्या आसपासच धरतं, म्हणजे फ्रिजमध्ये जागा नसली तरी ओट्यावर जमतं. आणि मुख्य म्हणजे नागपूरच्या उन्हात जिलेटिनची जेली पोरांच्या वाटीत पोचेपर्यंत वितळायला लागेल, चायना ग्रासची परत वितळायला ऐंशीच्या वर जावं लागतं. तुझा शिजवलेल्या अननसाचा पाक उरणार आहे ना, पाणी घालून त्याचीच कर. चौकोनी तुकडे कापून वरून घाल.

मिरजेचा_पक्या

जेली वरूनच. आत कालवली तर रंग सुटतो.

बाबांसाठी साखर घालायच्या आधी अर्धा लिटर दूध वेगळं काढून त्यात दीड चमचा पावडर लावा, बिनसाखरेचं. पावडर म्हणजे पीठच आहे, त्यामुळं त्यांनी त्यातलंसुद्धा अर्धीच वाटी घ्यायची. सफरचंद आणि डाळिंब घाला, चिकू-केळी नको. आमच्याकडं अशा पाच-सहा वाट्या वेगळ्या करतोच हल्ली, प्रत्येक कार्यक्रमात मागणारे असतात.

तर्री_पोहे

दादाला संत्री सोलायला सांगितली, तो आत्तापासूनच युट्यूबवर सोलायची पद्धत पाहून राहिलाय. आजीने डबा हातात घेऊन हिरवा ठिपका पाहिला, चष्मा लावून परत पाहिला, आणि परवानगी दिली. वहिनी म्हणे माझ्या वाटीत सगळं पाहिजे, संत्रंपण, वेगळी-बिगळी वाटी नको.

एकच विचारायचं राहिलं. उरलं तर सोमवारी चालेल का? की फ्रीजरमध्ये टाकू, कुल्फीसारखं?

सायसाखर

फ्रीजरमध्ये टाकू नकोस. मक्याच्या पिठाचं कस्टर्ड गोठवून परत वितळवलं की स्पंजसारखं होतं आणि पाणी वेगळं होतं, कितीही हलवलं तरी जुळत नाही. गोठवलेलंच चाटून खायचं असेल तर पोरं खातील, पण बर्फाचे कण लागतात.

फळं घातलेलं त्याच दिवशी रात्रीपर्यंत संपवा, कार्यक्रमभर बाहेर राहिलेलं असेल तर ठेवूच नका. न कालवलेलं, फ्रिजमध्येच राहिलेलं नुसतं कस्टर्ड मंगळवारपर्यंत चांगलं राहतं. सोमवारी त्यात ताजी फळं चिर, किंवा मारी बिस्किटं नाहीतर स्पंज केकच्या स्लाइस तळाला लावून वर ओत आणि तासभर फ्रिजमध्ये ठेव. ऑफिसला डब्यात मात्र नेऊ नकोस, नागपूरच्या उन्हात लंचपर्यंत काही खरं नाही.

मिरजेचा_पक्या

आणि बर्फ शनिवारीच सांगून ठेवा. रविवारी सकाळी लग्नाचे मुहूर्त असले की बर्फवाला फोन उचलत नाही.